‘अजून वय नाही’ म्हणजे नेमकं किती वय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कमी वयात सांधे बदलण्यावर लेख आला होता, चांगला होता, पण शेवटी तेच नेहमीचं वाक्य की शक्यतो साठीपर्यंत थांबावं (बदललेला सांधा जन्मभर टिकत नाही म्हणून). मला त्या एका वाक्यावरच लिहायचंय, कारण ते मी डॉक्टर, फिजिओ, मावशी, वरच्या मजल्यावरचे काका आणि आमच्या पतसंस्थेतले शिपाईमामा या सगळ्यांकडून ऐकलंय. माझं वय ३७. दोन्ही खुब्यांना एव्हीएन आहे, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा जो गोळा असतो ना त्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड आतल्या आत मरत जातं आणि मग वजनाने चपटं होतं. उजवा खुबा मागच्या वर्षी बदलला. डावा अजून माझाच आहे आणि तो सध्या बदलायचा नाहीये. म्हणजे ऑपरेशन करायचं आणि थांबायचं असे दोन्ही निर्णय मी घेतलेत, त्यामुळे कुठल्या एका पार्टीची बाजू घेऊन भांडायला आलेली नाही.

आधी हे कसं होतं ते सांगते कारण ‘एवढ्या लहान वयात खुबा कसा काय गेला’ हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. मला २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत कोरोना झाला, ऑक्सिजनवर होते, स्टेरॉइड दिली, जीव वाचला, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये कोरोना होऊन गेलेले, चाळिशीच्या आतले तीन एव्हीएनचे पेशंट सापडल्याची बातमी सगळ्या पेपरात आली होती, तुमच्याही आली असेल. पण कोरोना हे एकच कारण नाही. जास्त दारू हे मोठं कारण आहे, जिममध्ये बॉडी बनवायला घेतात ती इंजेक्शनं आहेत, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, ज्याच्यामुळे पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे विशीतल्या पोरापोरींचे खुबे जातात आणि त्यांच्यावर कुणी पुरवणी काढत नाही. शिवाय लहानपणापासूनचा संधिवात, मणका आखडत जाणारं स्पाँडिलायटिस, गाडीवरून पडून खुब्याजवळ झालेलं फ्रॅक्चर. आपल्या डोक्यात मात्र सांधा बदलणे म्हणजे २००० साली ब्रीच कँडीत वाजपेयींचा गुडघा बदलला तेच चित्र बसलंय. वाजपेयी तेव्हा ७५ वर्षांचे होते. त्या वयाचं गणित तिशीतल्या माणसाला जसंच्या तसं लावायचं म्हटलं तर कसं लागणार?

दुसरी गोष्ट, खुब्याचं दुखणं बऱ्याचदा खुब्यात दुखतच नाही. जांघेत दुखतं, मांडीत उतरतं, कधी नुसता गुडघा ठणकतो. माझ्या गुडघ्याचे एक्सरे झाले, मग कमरेचा एमआरआय झाला, त्यात ‘गॅप’ निघाली (तिशीनंतर कुणाचाही मणका तपासा, काहीतरी निघतंच), मग ट्रॅक्शन, बेल्ट, मालिश, आणि एका हॉस्पिटलात तर नस दबलीय म्हणून मणक्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा द्यायला निघाले होते. शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून पाय आत बाहेर फिरवून बघितला, मी ओरडले, आणि त्यांनी खुब्याचा एमआरआय सांगितला. सुरवातीला एव्हीएन साध्या एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्येच कळतो. तोपर्यंत उजवा गोळा बसला होता, म्हणजे चपटा झाला होता, आणि डाव्यात नुकती सुरवात होती.

आणि इथेच ‘थांब’ या शब्दाचे दोन वेगळे अर्थ होतात, जे मला त्या लेखात सापडले नाहीत. गोळा अजून गोल आहे तोपर्यंत थांबण्याला अर्थ आहे, कारण त्या काळात करण्यासारखं काहीतरी असतं. हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी करतात, त्याला कोअर डिकंप्रेशन म्हणतात, ते माझ्या डाव्या बाजूला केलंय. काही डॉक्टर हाड ठिसूळ होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या देतात, त्यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. वजन कमी करायचं, उड्या मारायच्या नाहीत, मधून मधून एमआरआय. डावा खुबा टिकेल की नाही कुणीच सांगू शकत नाही पण थांबून माझं काही नुकसान होत नाहीये. एकदा का गोळा बसला, की मग थांबणं म्हणजे नुसतं दुखत राहणं. हाड परत गोल होत नाही. मधल्या काळात मांडीचे स्नायू वाळतात, पाय आखूड होतो, लंगडून लंगडून कंबर आणि दुसऱ्या पायाचा गुडघा बोलायला लागतो, पेनकिलरने पोट आणि किडनीची वाट लागते ती वेगळीच.

मी उजव्या बाजूचं ऑपरेशन ‘वय नाही’ म्हणून लांबवलं. त्या काळात मी कॅश काउंटरवरून बॅक ऑफिसला गेले कारण उठबस होत नव्हती, प्रमोशनची परीक्षा सोडली, मुलाला शाळेत सोडायला जाणं बंद, रात्री कूस बदलताना जाग यायची, आणि घरात मी सारखी चिडलेली. हे सगळं कशासाठी, तर साठीत सांधा नवाकोरा मिळावा म्हणून. मी पतसंस्थेत काम करते म्हणून मला हेच सुचतं, पण तरुणपण काय एफडी आहे का, की मुदतीआधी मोडायची नाही म्हणून कपाटात ठेवून द्यायची आणि वर व्याज मिळायची वाट बघायची? पस्तीस ते साठ ही पंचवीस वर्षं अशीच काढली तर साठीत काय मॅरेथॉन पळणारे?

आता आकडे, कारण कुणी आकडे न सांगताच घाबरवतं. ‘दहा वर्षंच टिकतो’ हे मी अजूनही ऐकते. २०१९ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून काढलेला हिशोब आला होता, त्यात बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकले आणि पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी ८२ टक्के. हे तेव्हाच्या जुन्या इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्यांचे आकडे आहेत, आता आतलं प्लास्टिक जास्त चिवट, कमी झिजणारं आलंय. पण एक लगेच सांगते, त्या नोंदीतले बहुतेक लोक म्हातारे होते, आणि म्हातारा माणूस कमी चालतो, त्यामुळे माझ्यासारखीने हे आकडे वाचून नाचायचं कारण नाही. त्याच जर्नलमध्ये २०१७ ला इंग्लंडमधला अभ्यास होता. सत्तरीनंतर सांधा बदलला तर आयुष्यात परत ऑपरेशन लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास, पण पन्नाशीच्या सुरवातीला बदललेल्या पुरुषांमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते, बायकांमध्ये त्याच वयात साधारण २० टक्के. ३७ व्या वर्षी त्याहून जास्त असणार हे उघड आहे. मी हे धरूनच चालले की माझं कधीतरी दुसरं ऑपरेशन होणार, आणि दुसरं पहिल्यासारखं सोपं नसतं, हाड कमी उरलेलं असतं, इन्फेक्शनचा धोका वाढतो, खर्च वाढतो आणि रिझल्ट पहिल्याइतका मिळत नाही. हे सगळं ऐकून मग हो म्हटलं. कुणाला हे ऐकून नाही म्हणावंसं वाटलं तर तेही बरोबरच आहे, फक्त ऐकून म्हणावं.

खुबा आणि गुडघा मात्र एका मापात तोलू नका. खुबा बदलल्यावर बहुतेकांना आपण काही बदललंय हे काही महिन्यांनी विसरायला होतं (माझं तसंच झालंय, उजव्या बाजूला कूस करून झोपते आता). गुडघ्याचं तसं नाही, चांगलं ऑपरेशन होऊनही पाचातला एकजण फारसा खूश नसतो असं डॉक्टर स्वतःच सांगतात. आणि चाळीस पंचेचाळीसच्या माणसाचा गुडघा एकाच बाजूने झिजला असेल तर हाड कापून पायाची रेष सरळ करायचं ऑपरेशन असतं, अर्धाच गुडघा बदलायचं असतं, हे पर्याय आधी विचारायला हवेत. आमचे वरचे काका माझं बघून म्हणाले मी पण टाकतो उरकून. काका, तुमचं वजन आधी.

मग आपल्याकडचे खास प्रश्न. मांडी घालून बसता येईल का, भारतीय संडास चालेल का, पंगतीत जेवायला बसता येईल का. पहिले दोन तीन महिने जपायचं असतं, खाली वाकायचं नाही, पायावर पाय नाही, उंच कमोड, आणि पुढचं कुठल्या बाजूने (पुढून की मागून) ऑपरेशन केलंय आणि कुठला सांधा बसवलाय त्यावर ठरतं, म्हणून हे ऑपरेशनच्या आधी विचारायचं, नंतर नाही. मला उकिडवं बसू नका सांगितलंय, मी बसत नाही, हळदीकुंकवाला खुर्ची मागते आणि बायका बघत राहतात, बघू देत. लग्न न झालेल्या मुलींचं मात्र अवघड आहे. माझ्याबरोबर फिजिओथेरपीला एक २६ वर्षांची मुलगी यायची, तिला घरचे म्हणत होते आधी लग्न उरकू मग ऑपरेशन, म्हणजे लपवायचं. खुबा बदललेल्या बायकांना मुलं होतात, बहुतेकींची नॉर्मल डिलिव्हरीसुद्धा होऊ शकते, हे तिच्या आईला कुणीतरी डॉक्टरने समोर बसवून सांगायला हवं होतं.

खर्चाचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटचे भाव बांधले, नेहमीच्या कोबाल्ट क्रोम धातूच्या गुडघ्याचा ५४,७२० रुपये, ते चांगलंच झालं. पण तो आदेश गुडघ्याचा होता, खुब्याचा नव्हता. त्यामुळे खुब्याला सिरॅमिक घ्यायचं की मेटल, याचं उत्तर बिलाकडे बघून द्यावं लागतं, आणि पेशंटला पाय दुखत असताना दोन ब्रोशर हातात देऊन ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतात. आम्ही काय ठरवणार! वर जाहिराती, रोबोटने करा, तिसऱ्या दिवशी घरी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अँडी मरेचा व्हिडिओ, की बघा खुबा बदलून टेनिस खेळला. खेळला, २०१९ च्या जानेवारीत ३१ व्या वर्षी ऑपरेशन आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकला, पण त्याचं ऑपरेशन वेगळं होतं, गोळा न कापता त्यावर धातूची टोपी बसवतात ते, आणि ते एव्हीएनने पोखरलेल्या हाडाला सहसा चालत नाही, बायकांना तर फारसं सुचवतही नाहीत.

पण पेपरला पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. वर मी आकडे दिले ते ऑस्ट्रेलियाचे, फिनलंडचे, इंग्लंडचे. आपले कुठेत? स्वीडनमध्ये बदललेल्या प्रत्येक खुब्याची नोंद १९७९ पासून होते. आपल्याकडे सांधेतज्ज्ञांच्या संघटनेची रजिस्ट्री आहे, पण ती स्वखुशीची, ज्याला वाटेल त्या डॉक्टरने भरायची. याचा परिणाम आपण एकदा बघितलाय. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा होता, धातूवर धातू घासून रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरायचं. ऑस्ट्रेलियात रजिस्ट्रीमुळे आधीच लक्षात आलं आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये तिथे तो काढून घेतला, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले होते, आणि केंद्राच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. शरीरात खराब सांधा घेऊन लोक कुठेतरी फिरतायत आणि त्यांना कळवायची सोयच नाही! ७५ व्या वर्षी बसवलेला सांधा दहा पंधरा वर्षं बघायचा असतो, माझा मला चाळीस वर्षं बघायचाय. एवढ्या काळात हॉस्पिटल बंद होईल, डॉक्टर रिटायर होतील, कंपनी विकली जाईल. म्हणून रजिस्ट्री सक्तीची करा ही मागणी तरुण पेशंटसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती तुमच्यासारख्या पेपरने लावून धरायला हवी.

तोपर्यंत वाचकांना एवढंच, की इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात, ते ऑपरेशनच्या नोटला चिकटवतात, त्यातला एक सेट आपल्या डिस्चार्ज कार्डावर मागून घ्या. मला मागावा लागला, सिस्टर म्हणाल्या आजवर कुणी मागितला नाही. घरी फोटो काढून दोघातिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि ज्यांचा खुबा २०१० मध्ये किंवा त्याआधी बदललाय त्यांनी जुनी फाइल काढून त्यात एएसआर लिहिलंय का बघा, लिहिलं असेल तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवून रक्तातलं कोबाल्ट क्रोमियम तपासून घ्या, आणि फाइल सापडत नसेल तर ज्या हॉस्पिटलात झालं तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये लेखी अर्ज करा.

आपली,
एक वाचक, सांगली