व्हिसावरचा हुद्दा आधी वाचा

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तेल असताना सौदीच्या युवराजांना कर कशाला लागतो, असं तुम्ही विचारलंत. 2014 च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप जानेवारी 2016 मध्ये तिसाच्याही खाली गेलं. सरकारी पगार, स्वस्त वीज, स्वस्त पेट्रोल, सगळा डोलारा त्या पिंपावर उभा. म्हणून त्याच एप्रिलमध्ये मोहम्मद बिन सलमान यांनी, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच युवराजांनी, ‘व्हिजन 2030’ ही तेलावरचा भार कमी करण्याची योजना जाहीर केली.

त्याची झळ बाहेरून आलेल्यांना लवकर लागली. जुलै 2017 पासून सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर माणशी महिना 100 रियाल शुल्क बसलं, ते दरवर्षी शंभरने वाढत 2020 मध्ये 400 झालं. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला 14,400 रियाल, तेही इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, वाढवताना आगाऊ. पाच हजार पगार असलेल्याचे जवळजवळ तीन महिने त्यातच गेले. शिवाय व्हॅट जुलै 2020 मध्ये 5 वरून एकदम 15 टक्के. शेजारच्या काकांचा मुलगा कुटुंब घेऊन जायचं म्हणतोय ना, त्याला हा हिशेब कागदावर मांडायला लावा.

आई, बायका गाडी चालवतात हे तू ऐकलंस ते खरं आहे, 24 जून 2018 पासून. ऑगस्ट 2019 पासून एकवीस वर्षांवरच्या बाईला पुरुष पालकाच्या परवानगीशिवाय पासपोर्टही मिळतो. मोठी गोष्ट आहे ही. पण गाडीचा हक्क मागणाऱ्या लुजैन अल-हथलूलला बंदी उठण्याच्या महिनाभर आधीच अटक झाली आणि ती फेब्रुवारी 2021 मध्ये सुटली. राजाने दिलं तर घ्यायचं, मागायचं मात्र नाही. मला हे फार लागतं.

आता मुख्य काम. मार्च 2021 पासून तिथे कराराचं एक वर्ष झालं की जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते. पण घरकामगार, घरगुती ड्रायव्हर आणि शेतमजूर यांना त्या सुधारणेतून वगळलं होतं. एजंट ‘कंपनीत ड्रायव्हर’ सांगतो आणि व्हिसावर ‘घरगुती ड्रायव्हर’ निघतं, तिथेच माणूस अडकतो. काकांच्या मुलाने पैसे भरण्याआधी व्हिसाचा आणि कराराचा फोटो मला पाठवायला सांगा. अरबीत असला तरी चालेल, मी वाचून घेते.

तुमची,
ताई