काजूच्या सीझनआधी, आई-बाबांना

आई, बाबा,

फोन केला की एकतर रेंज जाते नाहीतर "जेवलंस काय" आणि "येतंस कधी" यातच वेळ संपतो, म्हणून यावेळी बसून लिहूनच काढतेय. लांबलचक झालंय, चष्मा लावून सावकाश वाचा. बाबांना परवा लग्नात कुणीतरी विचारलं म्हणे, तुमची मुलगी गुरांची डॉक्टर झाली ती आता करते काय, आणि बाबांनी सांगितलं "माकडांवर कायतरी रिसर्च करता". बाबा, माकडांवर नाही हो. माकडतापावर. त्यात माकड आहे, गोचीड आहे, उंदीर-चिचुंद्री आहे, आपली गुरं आहेत आणि शेवटी माणूस आहे, आणि हा व्हायरस यातल्या कोणाकडून कोणाकडे कसा जातो हे शोधायचं, एवढंच माझं काम.

सध्या शिमोग्याकडे सागर तालुक्यात फिल्डवर आहे. इथून जवळच सोरब तालुक्यात क्यासनूरचं जंगल, १९५७ साली तिथे माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ आजूबाजूच्या गावांतली माणसं तापाने पडली. तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक, म्हणजे आजची एनआयव्ही ही राष्ट्रीय विषाणू संस्था, इथे येऊन राहिले. सुरुवातीला सगळ्यांना धास्ती होती की हा यलो फीवर तर नाही, कारण दक्षिण अमेरिकेत त्यानेही माकडं मरतात आणि आशियात तो कधी आलेला नव्हता. निघाला वेगळाच, रशियातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराचा नातेवाईक. पुढे कितीतरी वर्षं सगळे समजत होते की हा फक्त शिमोग्याच्या आसपासचा आजार. मग २०१२ मध्ये बंदीपूरला, २०१३ मध्ये वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आई तू सांगायचीस की केर गावात अमक्याला ताप आलाय, तमक्याला गोव्याच्या बांबोळी हॉस्पिटलला नेलंय, आणि मला पुस्तकात त्या रोगावर जेमतेम एक पॅरा सापडलेला. मी या लाईनला वळले ते तिथून, हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

काम दिसायला एकदम फालतू आहे. सकाळी पांढरे कपडे घालायचे, पँट मोज्यात खोचून वरून टेप मारायची, आणि एक पांढरं फ्लॅनेलचं फडकं काठीला बांधून रानातल्या पातेऱ्यावरून, म्हणजे पडलेल्या सुक्या पानांवरून, हळूहळू ओढत जायचं. थोडं चाललं की फडकं उलटायचं आणि डोळे फाडून बघायचं. गोचिडीची पिल्लं, आम्ही निम्फ म्हणतो, खसखशीच्या दाण्याएवढी असतात, नुसता धुळीचा ठिपका वाटतो आणि मग तो ठिपका चालायला लागतो. चिमट्याने उचलून बाटलीत टाकायची, बाटलीवर जागा-वेळ लिहायची, परत फडकं ओढायचं. दुपारपर्यंत कंबर जाते. संध्याकाळी पिंजरे लावायचे, आत सुक्या खोबऱ्याचा तुकडा, सकाळी त्यात उंदीर नाहीतर चिचुंद्री, तिच्या कानामागच्या गोचडी काढायच्या, थेंबभर रक्त घ्यायचं आणि तिला सोडून द्यायचं. मावशी हसून म्हणालेली ना, "गोचडी मोजूक पीएचडी कित्याक?" मावशीला सांगा, मोजायच्या आधी त्या सापडाव्या लागतात!

आणि आई, तुझी भीती की मी हे घरी घेऊन येईन. नाही आणणार. माणसाकडून माणसाला हा जात नाही, एकदा माणसात शिरला की त्याचा रस्ता तिथे संपतो. सॅम्पल्स सगळी थंड डब्यात बंद होऊन जातात, आणि जिवंत व्हायरस वाढवायचं काम मी करतच नाही, ते पुण्यात पाषाणच्या बीएसएल-४ म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या लॅबसारख्या ठिकाणी होतं, तिथे आत जायला अंतराळवीरासारखा सूट लागतो. आमच्याकडे सॅम्पलमधला व्हायरस आधी निकामी करतात, मग त्यात व्हायरस होता का ते बघायची पीसीआर चाचणी.

आता बाबा, तुमचा मुद्दा. "सगळे वानर मारून टाका, रोगही जाईल आणि नारळही वाचतील." नारळांचं मला कळतं, गेल्या वर्षी केळ्यांची काय वाट लावली ते बघितलंय. पण रोगाचं उलटं आहे. वानर आणि केलडी, म्हणजे लाल तोंडाची माकडं, या तापाने आपल्याआधी मरतात. मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचडी थंड पडलेलं अंग सोडून आजूबाजूच्या पातेऱ्यात उतरतात, आणि त्या जागी जो कोणी जाईल त्याला पकडतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या भोवती ५० फुटांपर्यंत मॅलेथिऑन ही कीटकनाशक पावडर मारतात. रानात माकड मरून पडलंय म्हणजे व्हायरस इथे आलाय ही खबर आपल्याला फुकटात मिळते. बंदुका घेऊन माकडं मारलीत तर ती खबर देणारंच कोणी उरणार नाही, आणि गोचडी तिथल्या तिथेच राहतील.

आई, हे तुला जड जाईल पण सांगतेच. वानर मेलं की आपल्याकडे मारुतीचं म्हणून हळदकुंकू लावतात, नारळ ठेवतात, अर्धा वाडा गोळा होतो, पोरंसोरं पुढे, आणि मग उचलून पुरतात. श्रद्धेला मी काही बोलत नाही. पण नोव्हेंबर ते मे मध्ये तरी हात लावू नका, लांबून नमस्कार करा आणि आरोग्य केंद्रात नाहीतर फॉरेस्टवाल्यांना फोन करा. दहनाचं ते बघतील.

आणि गुरं. यावर इथे रोज कोणाशी तरी वाद होतो कारण गाईला दोष दिलेला कोणालाच आवडत नाही, मलापण नाही आवडत. गाय या तापाने आजारी पडत नाही. पण मोठी गोचीड रक्त प्यायला गुरांवरच चढते, पोटभर पिऊन खाली पडते आणि हजारोंनी अंडी घालते. पावसानंतर त्यातून पिल्लं, आणि कोरड्या दिवसांत तेच खसखशीएवढे निम्फ. म्हणजे घनदाट रानात धोका असतो म्हणावं तर तसंही नाही, जिथे जंगल, बागायत आणि चरणारी गुरं एकमेकांत मिसळलेली आहेत तिथे जास्त. आपल्या घराच्या मागचा सगळा भाग असाच आहे ना? वर राई, खाली काजू, मध्ये आपली तांबू गाय आणि तिची पाडी मोकळी चरतायत.

काजूचा सीझन फेब्रुवारीत सुरू होईल आणि निम्फ पण तेव्हाच जोरात. वाकून पातेऱ्यात हात घालून बोंडं गोळा करायची म्हणजे गोचिडीला आमंत्रणच. गोव्यातल्या पहिल्या साथींमध्ये काजूवर जाणारेच जास्त सापडले होते. त्यामुळे बाबा, लुंगी आणि उघडे पाय यावर्षी बंद. फुल पँट, मोजे, गमबूट, अंगाला डेपा तेल, म्हणजे गोचडी लांब ठेवणारं तेल, ते आरोग्य केंद्रातून मिळालं तर बघा, नाहीतर मी आणते. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात आणि साबण लावून आंघोळ, गुडघ्यामागे आणि कमरेला हात फिरवून बघायचं. पातेरा आणून अंगणात ढीग घालता तो पण यंदा नको, शिमोग्यात एका अभ्यासात अंगणात सुक्या पानांचा ढीग असलेल्या घरांत आजार जास्त दिसला होता.

लस आहे ना, असं तुम्ही विचारालच. होती. १९९० पासून देत होते, दोन डोस, मग बूस्टर, परत बूस्टर, आणि दुखायची इतकी की लोक दुसऱ्या डोसला फिरकायचेच नाहीत. एवढं करूनही संरक्षण अर्धवट, म्हणून २०२२ मध्ये बंद केली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं नव्या लसीचं काम चालू आहे. इतक्या वर्षांत दुसरी लस नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, आजार रानातल्या गरीब माणसांचा आहे म्हणून कोणाला घाई नव्हती असं माझं मत, सर म्हणतात असं रिपोर्टमध्ये लिहू नकोस.

औषधही खास नाही, पण वेळेत दाखल झालं तर बहुतेक लोक बरे होतात, शंभरात तीन ते पाच दगावतात. म्हणून ताप अचानक चढला, डोकं आणि अंग जाम दुखायला लागलं तर काढा पीत घरी बसायचं नाही, पहिल्या चार-पाच दिवसांत रक्त तपासायला गेलं पाहिजे, आणि डॉक्टरला रानात जातो हे स्वतःहून सांगायचं. ॲस्पिरिन घ्यायची नाही. ताप उतरला तरी दोन आठवडे लक्ष ठेवायचं, काहींना परत उलटतो आणि तेव्हा मेंदूवर जातो.

तांबू आणि पाडीच्या गोचिडीच्या औषधासाठी तिथल्या पशुवैद्यांशी मी बोललेय, बुधवारी येतील, डोस तेच ठरवतील, तुम्ही शेजाऱ्यांचं उरलेलं औषध मारू नका. शेजारच्या काकांनाही गुरं त्याच दिवशी बांधून ठेवायला सांगा, एकट्या आपल्या गोठ्याने काही होत नाही. मी शिमग्याला येतेय, येताना डेपा तेल आणते, गमबुटाचा नंबर बाबा तेवढा मेसेज करा, आठ की नऊ?

तुमची,
सोनू