गवताचं छप्पर आणि तांब्याचा पत्रा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गेले पंधरा दिवस एकाच चित्रापाशी अडकलोय. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४१ सालचं एचिंग आहे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र. शेतघर आणि शेजारी गवताची गंजी. उंची जेमतेम १३ सेंटिमीटर, रुंदी ३२च्या आसपास.

हॉलंडातल्या गंजीची तऱ्हा मला फार आवडली. चार खांब आणि वर छप्पर. गवत वाढलं की छप्पर वर सरकवायचं, संपत आलं की खाली. भिंती नाहीतच. वारा लागून गवत वाळावं आणि पावसात भिजू नये, एवढ्यासाठी केलेली ही बांधणी. रेम्ब्रांटने ती एखाद्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याइतकी निरखून काढलीय. शाकारलेल्या छपरावर आखूड रेघा एकमेकींवर चढल्यात, आणि दूर डावीकडे ॲम्स्टरडॅम अगदी पुसट.

तुला आठवतं ना, मीही एचिंगच्या वर्गात एक गोठा केला होता? पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने चित्र. सुई फक्त मेण उचलते, तांबं खातं ते आम्ल. जितका वेळ पत्रा आम्लात, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर काळी. मी पत्रा उशिरा काढला आणि छपराच्या साऱ्या रेघा मिळून एक काळा डाग झाला. ती हळहळ अजून गेलेली नाही. म्हणूनच रेम्ब्रांटचं १६४१चंच पवनचक्कीचं एचिंग बघताना थबकलो. मेणाच्या थराला तडे जाऊन त्यांचं बारीक जाळं आकाशात उमटलंय, आणि त्याने ते तसंच राहू दिलं. मला ते आकाश जुन्या लाकडासारखं वाटतं.

हारलेमच्या ओस्टाडे या डच चित्रकाराने तर पन्नासेक एचिंग केली, बहुतेक शेतकऱ्यांचीच. त्याचं १६४७चं कोठार जरूर शोध. कोठार आतून दिसतं. तुळया अंधारात चढत जातात. तो अंधार नुसता काळा नाही. रेघांमध्ये कागद जिथे उघडा राहिलाय, तिथून तो श्वास घेतो. माझ्या छपराला नेमकं तेच हवं होतं.

सोबत त्या गोठ्याची एक प्रत ठेवलीय. उजवीकडचा खांब बघ. पत्र्यावर तो डावीकडे होता, छापताना बाजू बदलली. तेवढा खांब मनासारखा उतरलाय.

तुझाच,
मित्र