चौकाच्या कोपऱ्याकडेही पाहावे

संपादक महोदय,

शहरातील रस्त्यांची चर्चा रुंदीकरण आणि उड्डाणपुलांपुढे सहसा जात नाही, आणि पायी चालणाऱ्यांचा विचार पदपथाच्या फरशा बदलण्यापाशीच संपतो. वास्तविक कळीचा मुद्दा चौकाच्या कोपऱ्यात असतो. तेथे पदपथाची कड मोठ्या वळणाची ठेवली की वाहन वेगातच वळते आणि पादचाऱ्याला ओलांडायचे अंतरही वाढते. तीच कड आखूड वळणाची केली तर चालकाला वेग आवरावाच लागतो. सिग्नलचेही तसेच आहे. ओलांडण्याचा वेळ अनेकदा सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवला जातो. त्या हिशेबाने १८ मीटर रस्त्यासाठी १५ सेकंद मिळतात, परंतु ०.८ मीटरच्या गतीने, काठी टेकत चालणारी वृद्धा तेवढ्यात १२ मीटरच गेलेली असते आणि समोरची वाहने सुटतात. हा दोष तिचा नव्हे, आखणीचा आहे.

रस्त्यावर पादचाऱ्यांना प्राधान्य दिले तर गिऱ्हाईक कमी होईल, ही दुकानदारांची धास्ती मला समजते. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता वाहनांसाठी बंद केला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही धंदा बुडेल म्हणून विरोध केला होता. आज तो रस्ता खरेदीदारांनी गजबजलेला असतो.

म्हणून रस्त्याच्या कोणत्याही नव्या आराखड्यास मंजुरी देण्यापूर्वी पादचाऱ्यांची मोजणी सक्तीची करावी, रुंद रस्त्यांच्या मध्यभागी थांबण्यासाठी सुरक्षित जागा द्यावी आणि सिग्नलचा वेळ सर्वांत संथ चालणाऱ्याच्या गतीने ठरवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक