व्हिजिटला निघण्याआधी

सातारा,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पावसाळ्यात बाह्यरुग्ण विभागाला रात्रीचे दहा वाजतात हे तू जाणतोसच, त्यामुळे उत्तराला झालेल्या उशिराबद्दल रागावणार नाहीस. रुग्णालयातली नोकरी सोडून आजारी मुलांना त्यांच्या घरी जाऊन तपासण्याचे काम पुण्यात सुरू करावे, असे तुझ्या मनात आहे. आणि मी इतकी वर्षे व्हिजिटला जात असल्यामुळे खरे काय ते मी मोकळेपणाने लिहावे, अशी तुझी इच्छा आहे. म्हणून आज रविवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून सविस्तर लिहायला बसलो आहे.

हे काम तू अवश्य कर. परंतु तू जी कारणे लिहिली आहेस, म्हणजे वाहतुकीची कोंडी, पार्किंग, दोघेही नोकरी करणारे आईवडील, दवाखान्यात तासन्‌तास बसून दुसऱ्या मुलांचा खोकला घेऊन घरी परतणारे मूल, ती सगळी खरी असली तरी माझ्या दृष्टीने दुय्यम आहेत. मूल जिथे झोपते, दूध पिते आणि श्वास घेते ती जागा डॉक्टरला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळते, हे व्हिजिटचे खरे बळ आहे. मागच्या हिवाळ्यातली एक हकीकत सांगतो.

अडीच महिन्यांची एक मुलगी खोकल्यासाठी माझ्याकडे तीनदा आली. प्रत्येक वेळी छातीत बारीक शिटी ऐकू यायची, नेब्युलायझरने थोडे बरे वाटायचे आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, असे मी आईला दोनदा विचारले आणि तिने दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितले. ती खरेच बोलत होती. चौथ्या वेळी आईलाच ताप असल्यामुळे त्यांनी मला घरी बोलावले. सकाळी साडेनऊची वेळ होती आणि बाळाची आंघोळ नुकतीच आटोपली होती. दहा बाय दहाची खोली, बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली, खिडकीच्या फटीतही जुने फडके कोंबलेले. मध्यभागी मातीच्या शेगडीत निखारे होते, त्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग टाकलेले होते, आणि आजी बाळाला दुपट्यात धरून त्या धुरावरून अलगद फिरवीत होत्या. दारातून आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले. अशी धुरी सकाळ-संध्याकाळ चालत असे. कोपऱ्यात डासांसाठी रात्री लावलेल्या कॉइलची राख होती, ती वेगळीच. दवाखान्यात ते बाळ पावडरचा वास घेऊन यायचे. हा धूर मला तिथे कसा दिसणार होता? मी सिगारेटबद्दल विचारीत राहिलो आणि शेगडीबद्दल विचारायचे मला सुचले नाही.

आजींशी कसे बोलावे हा त्याहून नाजूक प्रश्न होता. त्यांनी त्याच धुरीवर पाच मुले वाढवली होती. मी खाली चटईवर बसलो आणि म्हणालो, "आजी, तुमच्या हातची मालिश चालू द्या, ऊन पाण्याची आंघोळ चालू द्या, फक्त या चिमुकलीच्या छातीला धूर सोसत नाही." त्यांनी विचारले, "मग डॉक्टर, तिला ऊब कशी मिळायची?" टोपडे, पायमोजे आणि आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणे हे मी तिथेच करून दाखवले. त्यांनी काही न बोलता शेगडी उचलली, मोरीत नेली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतले. आठ दिवसांत खोकला उतरला. औषध मी तेच ठेवले होते.

अशा गोष्टी घरोघरी दिसतात. जुलाब झालेल्या मुलाच्या आईला मी दवाखान्यात सांगतो की ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे, आणि ती मान डोलावते. घरी गेल्यावर दिसते की पाकिटाची कड कातरलेली आहे, चमचाभर पूड पेल्यातल्या पाण्यात टाकली आहे आणि उरलेले पाकीट रबर लावून ठेवले आहे. क्षारांचे प्रमाण चुकले की तेच पाणी कधी निरुपयोगी, कधी अपायकारक ठरते. म्हणून मी घरातलीच एक लिटरची बाटली मागतो आणि अख्खे पाकीट आईच्या हातून तिच्यात रिकामे करवून घेतो. चोवीस तासांनी उरलेले पाणी ओतून द्यायचे आणि जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण १४ दिवस द्यायचे, हेही बाटली समोर असताना सांगितले की लक्षात राहते. तापाच्या औषधाचे तर विचारू नकोस. फ्रिजवर पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर लहान मुलांच्या नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये साधारण १२५. म्हणजे चौपट फरक, आणि "एक ड्रॉपर द्या" असे कोणीतरी फोनवर सांगितलेले असते. मी प्रत्येक घरी सगळ्या बाटल्या बाहेर काढायला लावतो, मुलाचे वजन करतो आणि मात्रा मिलिलिटरमध्ये बाटलीच्याच कागदावर पेनाने लिहून देतो. आपल्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा ती चिठ्ठी जास्त उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट घरी जमते आणि दवाखान्यात फार क्वचित जमते, ती म्हणजे श्वास मोजणे. पांढरा कोट पाहून रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजण्यात काहीच अर्थ नसतो. घरी मूल आईच्या मांडीवर झोपलेले असते; मी झबले वर करायला सांगतो आणि घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे पाहत बसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, हे आकडे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले होते. पण त्यांचा खरा उपयोग मी लोकांच्या घरातल्या पलंगाच्या कडेवर बसून शिकलो. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह टाळ, कारण लहान बाळांचा श्वास मध्येच थबकतो आणि हिशेब चुकतो. मोजून झाले की मी तेच आईला करायला सांगतो. आपल्याकडच्या बायका "पोट उडतंय" म्हणतात, तो शब्द मला फार नेमका वाटतो. पोट उडतेय असे वाटले की मोजायचे आणि आकडा मला कळवायचा, एवढे एका भेटीत शिकवता येते.

आता जे लिहिणार आहे ते तुला कधी सांगितले नाही. काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री कास रस्त्याकडच्या एका वस्तीवरून फोन आला. सात महिन्यांचा मुलगा, दोन दिवस ताप, थोडी धाप, एवढेच वडिलांनी सांगितले. मी पुढे काही विचारले नाही. "निघालोच, तुम्ही थांबा," असे म्हणून गाडी काढली. यवतेश्वरच्या घाटात धुके इतके होते की पुढचा दगड दिसत नव्हता आणि पोचायला पन्नास मिनिटे लागली. मूल आईच्या खांद्यावर मान टाकून पडले होते, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती, ओठ निळसर दिसत होते आणि रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरवर जेमतेम ८४ आकडा आला. माझ्या बॅगेत त्याच्यासाठी पुरेसे काहीच नव्हते. त्याला आईसकट गाडीत घेऊन मी तोच घाट पुन्हा उतरलो. ते मूल सहा दिवस प्राणवायूवर राहून बरे झाले, आता शाळेत जाते. पण ती पन्नास मिनिटे माझी होती, त्याच्या वडिलांची नव्हती. "दूध पितोय का?" एवढे जरी मी विचारले असते तरी दुपारपासून त्याने छाती धरली नव्हती हे कळले असते आणि मी त्यांना थांबवण्याऐवजी खाली पाठवले असते. डॉक्टर निघाले आहेत हे ऐकून घरचे लोक निर्धास्त होतात आणि वाट पाहत बसतात, हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे.

तेव्हापासून माझी व्हिजिट फोनवरच सुरू होते. मूल दूध किंवा पाणी घेते का, घेतलेले सगळे उलटून पडते का, झटका आला होता का, हाक मारल्यावर नीट डोळे उघडून पाहते का, छाती आत ओढली जाते का, ओठांचा रंग कसा आहे, आणि गेल्या सहा-आठ तासांत लघवी झाली का, एवढे मी गाडीची किल्ली उचलण्याआधी विचारतो. यांतले एकही उत्तर वाईट आले तर मी जात नाही. १०८ ला फोन करायला सांगतो किंवा जवळच्या रुग्णालयात पाठवतो आणि तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर बाकी काहीही न विचारता रुग्णालय. तुझ्या योजनेत फोन उचलायला मदतनीस ठेवायचा विचार आहे असे तू लिहितोस. कृपा करून हे प्रश्न त्या व्यक्तीकडून पाठ करवून घे, आणि "डॉक्टर येत आहेत" हे वाक्य त्याआधी तिने उच्चारू नये असा नियम कर.

घरी जाऊन मुलांना वाचवण्याची गोष्ट निघाली की मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली व घरचे रुग्णालयात न्यायला तयार नसले तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचे इंजेक्शनही देत. त्या गावांतला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. आज आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, ती पद्धत याच कामातून देशभर गेली. त्या स्त्रियांकडे डॉक्टरची पदवी नव्हती. त्यांच्याकडे वजनकाटा, घड्याळ आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा येण्याचा नेम होता. आपण पदवीवाले एकदा जातो, तपासतो, औषध लिहितो आणि विसरतो. म्हणून तुझ्या शुल्कातच दुसऱ्या भेटीचा किंवा निदान चोवीस तासांनी करायच्या फोनचा समावेश कर. न्यूमोनिया पहिल्या दिवशी साध्या सर्दीसारखाच दिसतो, तो दुसऱ्या दिवशी कळतो.

शुल्कावरून आठवले. घरी बोलावलेल्या डॉक्टरने "काही नको, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका आणि पाजत राहा" असे सांगितले की लोकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटते. "एवढे आलाच आहात तर एखादे इंजेक्शन द्या," असा आग्रह होतो, चहा पुढे येतो, आजोबा हात जोडतात, आणि अशा वेळी अँटिबायोटिक लिहून मोकळे होणे फार सोपे असते. लिहू नकोस. मी बॅगेत इंजेक्शने ठेवणेच जवळजवळ बंद केले आहे. काही आणीबाणीची सोडली तर सुई घरी काढत नाही आणि सलाइन तर कधीच लावत नाही. त्याऐवजी वीस मिनिटे बसतो. बसलेल्या डॉक्टरला लोक पैसे आनंदाने देतात, असा माझा अनुभव आहे. तुझ्या गटात ज्या तरुण डॉक्टर मुली येणार आहेत त्यांना रात्री एकटे पाठवू नकोस. चालक ओळखीचा असू दे आणि पत्ता तुझ्याकडे नोंदलेला असू दे.

एकच गोष्ट तुझ्या पत्रात मला खटकली, ती स्पष्ट लिहितो. तू ज्या सोसायट्यांची यादी केली आहेस तिथल्या प्रत्येक घरापासून बालरोगतज्ज्ञ फार तर दोन किलोमीटरवर असेल. त्या सोसायट्यांत काम करणाऱ्या बायका ज्या वस्तीत राहतात तिथे मात्र तापलेल्या मुलाला घेऊन बसायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, आणि म्हणून मूल तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येते. आठवड्यातले दोन दिवस त्या वस्त्यांसाठी राखून ठेव. तिथल्या आशाताईला सोबत घे. कुठल्या खोलीत बाळ आहे, कुठल्या घरी आई पुन्हा गरोदर आहे आणि कोण लसीला आले नाही, हे तिला तोंडपाठ असते. पैशांचा मेळ सोसायट्यांतून बसेल, आणि नाही बसला तर मला कळव. आपल्या वर्गातल्या दोघातिघांशी मी बोलेन.

बॅगेत काय असावे ते विचारले होतेस. लहान मुलांचा प्रोब असलेला ऑक्सिमीटर, टांगायचा वजनकाटा, सुटे सेल, पट्ट्यांसह ग्लुकोमीटर, श्वासातून औषध देण्यासाठी स्पेसर आणि लहान मास्क, ओआरएसची पाकिटे, खुणा असलेल्या ५ मिलिलिटरच्या सिरिंजा, टॉर्च, आणि सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ. मोबाइलवर श्वास मोजू नकोस, मध्येच कोणाचा तरी फोन येतो.

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस इकडे ये. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मला इथल्या करंजे भागात एका जुळ्यांच्या घरी जायचे आहे. नवव्या महिन्याची लस चुकली आहे आणि आईला दोघांना घेऊन दवाखान्यात येणे जमत नाही. माझ्यासोबत चल, त्यांच्या आजीशी तू बोल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना खोलीमित्र