आई-बाबा, आम्ही आणखी तीन वर्षं इथेच राहतोय

प्रिय आई आणि बाबांना,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे फोनवर सांगायचं टाळलं. मध्येच आवाज तुटतो, आणि अर्धं वाक्य ऐकून आई रात्रभर जागी राहते. मे महिन्यात नगरला कायमचं परत यायचं आपलं बोलणं झालं होतं. आम्ही आणखी तीन वर्षं मेळघाटातच राहायचं ठरवलंय. ह्यांनी कमिटीला होकारही कळवलाय. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "राहा" असंच म्हणाला असतात आणि मग एकमेकांपासून लपवून रडला असतात. त्यापेक्षा राग माझ्यावरच काढा.

बाबा, कारण नीट सांगते. दिवाळीनंतर अर्धं गाव कामासाठी खाली उतरतं आणि होळीला परततं. होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा मोठा सण, तेव्हा सगळे घरी असतात. त्याच दिवसांत मी मुलांचा दंड मोजून कुपोषण ओळखायची पट्टी घेऊन घरोघर फिरते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते. साडेबारापर्यंत पिवळी, त्यापुढे हिरवी. जाताना हिरव्यात असलेलं मूल येताना लाल पट्टीत आलेलं असतं, कारण कामाच्या जागी आई दिवसभर शेतात आणि मूल दोन वेळच्या कोरड्या भाकरीवर. अशा मुलाचं पोट लहान असतं, एकदम ताटभर दिलं तर ते खात नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी खिचडीत चमचाभर तेल, हे आईला करून दाखवावं लागतं. नुसतं सांगून होत नाही. मूल आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस राहावं लागतं. तिथे आई थांबायला तयार नसते, कारण मजुरी बुडते आणि घरी दुसरी दोन लहानगी असतात. त्या दोघांना कोण सांभाळणार हे शेजारणींशी बसून ठरवल्याशिवाय ती निघत नाही. नवीन नर्स आली तर तिला ओळखीपासून सुरुवात करावी लागेल. ओळख होईपर्यंत एक पावसाळा जातो, आणि मुलं दगावतात ती पावसाळ्यातच.

बाबा, "लोक म्हणतील औषधाच्या बदल्यात धर्म देतात" ही तुमची काळजी मी विसरलेली नाही. म्हणून दोन्ही गोष्टींची वेळ आणि जागा आम्ही वेगळी ठेवली आहे. तपासणी अंगणवाडीत, उपासना आमच्या ओसरीवर. तपासणीला आलेल्या कुणालाही उपासनेचं विचारायचं नाही आणि उपासनेला आलेल्याला औषधात पुढचा नंबर द्यायचा नाही. ज्याला यायचं तो आपणहून येतो. पेरणीच्या दिवसांत रविवारची उपासना सकाळी ठेवली तर बाया येऊच शकत नाहीत, म्हणून ती दिवे लागल्यावर घेतो. गाणी मराठी, प्रार्थना कोरकूत, आणि ह्यांचा संदेश वीस मिनिटांच्या आत. दिवसभर चिखलात वाकलेल्या माणसाला त्याहून जास्त बसवू नये. उपकारस्तुतीच्या सणाला लोक कुटकी, तूर, एखादी कोंबडी आणतात. मग आपल्याकडच्यासारखाच त्या वस्तूंचा लिलाव होतो.

1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, शाळा निघाल्या, म्हणून आपल्या घरात अक्षर आलं. हे तुम्हीच आम्हाला जेवताना सांगायचात. आप्पा सायकलवरून कुठे कुठे जायचे तेही. मग माझं इथे असणं तुम्हाला परकं वाटू नये. वाटलं तरी चालेल, पण मनात ठेवू नका, मला लिहा.

आई, आता तुझे प्रश्न. पाणी आधी तुरटी फिरवून निवळवते, फडक्याच्या चार घड्यांतून गाळते आणि मग खळखळ उकळते. पावसात विहीर गढूळ होते. गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकून उपयोग नाही, ते गाळातच संपतात. शेतावर न्यायच्या पाण्यात मात्र निवळल्यावर थेंब घालते आणि अर्धा तास थांबते. रॉकेलच्या दिव्यावर मुलं अभ्यास करतात असं तुला कुणी सांगितलं? छतावर सौर पॅनेल आहे, चार दिवे आणि एक पंखा चालतो. सलग आभाळ असलं की पंखा बंद ठेवायचा, कारण बॅटरी पूर्ण उतरू दिली की लवकर मरते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालतो, विहिरीचं कधीच नाही.

जून ते सप्टेंबर रस्ता केव्हा खचेल सांगता येत नाही, म्हणून मेमध्येच क्विंटलभर गहू भरते, चौघांना महिन्याला पंचवीस किलो धरून. दोन दिवस कडक ऊन, मग रात्रभर सावलीत गार करून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी बंद. गरम गहू झाकला तर आत घाम धरतो आणि पोरकिडे होतात. गॅसच्या दोन टाक्या भरून ठेवते. भाजी बाजाराच्या दिवशी, आणि पावसात रानात तरोटा उगवतो तो लसूण घालून परतते. तुझ्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची चव मात्र इथे कशालाच नाही गं. ताप आला की अजून तुझा गार हात कपाळावर हवासा वाटतो. एवढी मोठी झाले तरी.

घर गळत नाही. वानरं उड्या मारून कवेलू, म्हणजे कौलं, सरकवतात, म्हणून मृगाच्या आधी ते फेरून घेतो. फुटके कवेलू बदलायला पन्नास-साठ जास्तीचे कडेला रचलेले असतात.

साप-विंचवाचं तू विचारतेस आणि मी विषय बदलते, तर आता खरंच सांगते. आम्ही कुणीच जमिनीवर झोपत नाही. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही, आणि जमिनीवर झोपलेल्यालाच तो बहुधा होतो. खाट, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली, उशाशी टॉर्च. जळण घरात रचत नाही. कुणाला चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय फळीला बांधून हलू न देता थेट दवाखान्यात. ताप आला की आशाताई त्याच दिवशी बोट टोचून मलेरिया तपासते. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तीन दिवसांत उतरतो म्हणून लोक गोळ्या सोडतात, आणि यकृतात लपलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतो. आपल्या नातवंडांना मी चौदाव्या गोळीपर्यंत समोर बसवून देईन, याची खात्री बाळग.

मोठी पाचवीला जाईल. शाळा जिल्हा परिषदेची आहे, मास्तर मनापासून शिकवतात. इंग्रजी आणि गणित संध्याकाळी हे घेतात. धाकटा कोरकू इतकी भराभर बोलतो की आम्हालाच त्याला विचारावं लागतं.

आता तुमच्या दोघांचं. इथे वाद नको.

बाबा, इन्सुलिनची नवी बाटली फ्रिजच्या दारात, फ्रीजरमध्ये नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा आणि अठ्ठावीस दिवसांनी, उरलं असलं तरी टाकून द्या. "थोडं शिल्लक आहे" हे मला ऐकायचं नाही. हात थरथरले, घाम सुटला तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मग पोळी खायची. पहाटेच्या प्रार्थनेला उपाशीपोटी इन्सुलिन टोचून जायचं नाही. टोचलं की खायचंच. रोज रात्री तळपाय आईला दाखवा, आणि अंगणातही चप्पल घाला.

आई, गुडघ्यांसाठी कमोड बसवायला दादाला सांगितलंय. गवंडी आला की "कशाला खर्च" म्हणून परत पाठवू नकोस. आणि नाताळच्या फराळाला या वर्षी बसून तळायचं. करंज्या कमी झाल्या तरी कुणी काही म्हणणार नाही.

दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. लाइट गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही संपते. तिसऱ्या दिवशी परतवाड्याच्या नंबरवर विचारा, तो फ्रिजवर चिकटवलाय.

तुम्ही यायचंच आहे, पण पावसाळ्यात नाही. नोव्हेंबरच्या शेवटी या. मनमाडहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, खालच्या बर्थचं आरक्षण दादा करेल. बडनेऱ्याला हे गाडी घेऊन येतील. परतवाड्याला मुक्काम करू, कारण पुढे घाट आहे आणि एका दिवसात आईच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. पहाटे थंडी फार असते, स्वेटर आणि कानटोपी दोघांचीही. बाबांचं इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाला न लावता. दोन आठवडे तरी राहायचं, परतीचं तिकीट आधी काढू नका.

मार्चचा शुगरचा रिपोर्ट अजून आलेला नाही. दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडाही.

तुमची,
बेबी