आधी खडी किती आहे ते लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला खुल्या संग्रहालयावरचा लेख काल पत्नीने मला वाचून दाखवला. 'आता दिव्यांगस्नेही' असे शीर्षक आहे. वाचून झाल्यावर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प होतो, कारण गेल्या जानेवारीत आम्ही तिथे जाऊन आलो आहोत. व्हीलचेअरवर बसलेली एक मुलगी प्रवेशद्वारापाशी हसते आहे, असे छायाचित्र सोबत छापल्याचे पत्नीने सांगितले. ती जागा मला पक्की आठवते. तिथे लादी आहे. तिकीटखिडकीपासून बारा पावलांवर ती लादी संपते आणि खडी सुरू होते. आपला बातमीदार तेवढी बारा पावले पुढे गेला असता, तर हे शीर्षक पडले नसते.

मला दिसत नाही. पत्नीला लहानपणी पोलिओ झाला, ती चाकाच्या खुर्चीवर असते. लग्नाला 29 वर्षे झाली आणि फिरण्याची आमची रीत तेव्हापासून एकच आहे. माझी काठी घडी करून तिच्या मांडीवर ठेवायची, खुर्ची मी ढकलायची आणि रस्ता तिने सांगायचा. "अहो, डावीकडे घ्या. पुढे उंचवटा आहे. थांबा." दादरच्या बाजारातली दिवाळीची खरेदीसुद्धा आम्ही अशीच करतो.

निघण्याआधी संग्रहालयाचे संकेतस्थळ मोबाइलवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय) लावून ऐकले. इंग्रजी पान नीट वाचले जाते. मराठी पानावर गेलो की आवाज म्हणतो 'इमेज', पुन्हा 'इमेज', मग 'अनलेबल्ड बटन'. सगळा मराठी मजकूर पोस्टरसारखा चित्रात घालून टाकला आहे आणि चित्रात काय आहे ते सांगणारी एक ओळही मागे जोडलेली नाही. अक्षरे लहानमोठी करायची 'अ'ची तीन बटणे मात्र वर आहेत. (चित्रातली अक्षरे त्याने मोठी होत नाहीत, पत्नीने दाबून पाहिले.) तिकीट काढताना शेवटी वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला सांगतात, ती ऐकायची सोय नाही. एकटा असतो तर माझे तिकीट तिथेच अडले असते. आणि ज्या माहितीसाठी ही सगळी खटपट, ती एका ओळीत आटोपली होती : 'दिव्यांगांसाठी सुविधा उपलब्ध.' कोणती सुविधा, कुठे, काही नाही. फोन लावला. पलीकडचे गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, "या ना काका, काही काळजी करू नका. आमची माणसं उचलतील काकूंना."

हे 'उचलतील' आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. बोलणाऱ्याचे मन चांगले असते, हे मी जाणतो. पण माझी पत्नी 57 वर्षांची आहे, साडी नेसते. दोन अनोळखी माणसे काखेत हात घालून उचलतात तेव्हा पदर सरकेल का, निऱ्या सुटतील का, याची धाकधूक तिला असते, आणि उचलून झाल्यावर त्यांना हसून 'थँक्यू'ही म्हणावे लागते. तिने फोनवरचे ऐकले आणि म्हणाली, "सुविधा आहे लिहिलंय ना, मग उचलायला लागणार नाही. जाऊ या."

मुलुंडहून टॅक्सी केली. डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे खुर्ची वरच्या कॅरियरला दोरीने बांधावी लागते. येऊन-जाऊन अठराशे रुपये झाले.

आत गेल्यावर पहिल्या ओट्यावर जायला लोखंडी पत्र्याचा उतार होता. शेजारी तीन पायऱ्या. पायरी सहा इंचांची धरली तरी चढ दीड फुटाचा झाला. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा साधा हिशेब आहे, म्हणजे तो उतार अठरा फूट लांब हवा. तो माझ्या तीन पावलांत संपला. ढकलताना खुर्ची मागे माझ्या छातीवर येत होती. आम्ही तो नाद सोडला आणि वाटेने निघालो.

वाटेवर खडी. खुर्चीची पुढची छोटी चाके खडीत रुततात, हे खुर्ची वापरणाऱ्या कोणालाही विचारा. अशा वेळी एकच उपाय असतो. खुर्ची उलटी फिरवायची आणि मागची मोठी चाके पुढे घेऊन ओढत न्यायची. आम्ही तसे केले. पण खुर्ची उलटी फिरली की पत्नीचे तोंड, आलो त्या वाटेकडे होते. आम्हा दोघांत मिळून डोळ्यांची एकच जोडी आहे आणि ती आता मागे पाहत होती. ती मान वळवून वळवून सांगत होती, मी ओढत होतो, आणि एका वीरगळाच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या, चौथऱ्याचा कोपरा माझ्या नडगीला बसला. पायमोज्यात रक्त उतरलेले घरी आल्यावर कळले. तिला मात्र आवाजावरूनच कळले होते, आणि त्यानंतर ती म्हणाली, "पुरे आता." पुढची दालने आम्ही पाहिली नाहीत.

त्या वीरगळाला मी हात लावला, तर शिटी वाजली. "काका, हात लावायचा नाही." लाकडी वस्तूंना, रंगकामाला लावू नये, मान्य आहे. पण शेकडो पावसाळे उघड्यावर काढलेला तो दगड होता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी लढाई आणि पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला घेऊन जाताना, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. बोटांनी तो कोणाच्याही मदतीशिवाय वाचता येतो. बोरिवलीच्या एकसरला सहा वीरगळ आहेत, त्यांतले काही आरमारी लढाईचे. त्यांवरची जहाजे आणि वल्ह्यांच्या रांगा मी तरुणपणी बोटांनी पाहिल्या आहेत, आजही आठवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने 2015 साली हात लावून पाहण्यासाठी 'अनुभव' हे स्वतंत्र दालन केले. आपल्याकडे निदान एका दगडापुढे 'याला हात लावा' अशी पाटी लागायला काय हरकत आहे?

कायद्याचे थोडक्यात लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक वास्तू सुगम करायला त्यानंतर पाच वर्षांची मुदत होती. ती 2022 मध्ये संपली. नुसत्या सूचना देऊन भागणार नाही, किमान निकष सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारला सांगितले. डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्याच न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये म्हटले.

वाटा फरसबंद करायला पैसा लागेल, निविदा निघतील, वर्ष-दोन वर्षे जातील. मला समजते. पण संकेतस्थळावर खरे काय ते लिहायला एक दुपार पुरते. तिकीटखिडकीपासून किती मीटर लादी, कुठून खडी, कुठे किती पायऱ्या, उतार किती लांब, खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आहे की नाही, आणि हे सगळे अक्षरांत, चित्रात नव्हे. घारापुरीला सुमारे 120 पायऱ्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे जाणारा डोलीचा विचार करूनच बोटीत बसतो. 'खडी आहे, चाकाची खुर्ची जाणार नाही' असे या संग्रहालयाने लिहिले असते, तर वाईट वाटले असते, पण आम्ही घरी राहिलो असतो. पत्नीला मान वळवून वळवून मला वाट दाखवावी लागली नसती.

आणि आता आपल्याकडेही एक तक्रार. लेख पत्नीने मला वाचून दाखवला, असे मी वर लिहिले. तो मी स्वतःच ऐकणार होतो. आपल्या ई-पेपरचे पान उघडले, टॉकबॅक म्हणाला 'इमेज'. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून 31 वर्षे नोकरी केली, रोज सकाळी कोणीतरी सहकारी आपला अंक मला वाचून दाखवायचा. निवृत्तीनंतर मोबाइल आला, तेव्हा वाटले की आता अंक माझा मी वाचेन. संकेतस्थळावर काही बातम्या मजकूर म्हणून असतात, त्या वाचतो. पुरवणी आणि वाचकांची पत्रे फक्त ई-पेपरमध्ये असतात, म्हणजे चित्रात.

हे पत्र छापणार असाल तर कृपया संकेतस्थळावर मजकूर म्हणूनही टाका. छापून आले की नाही, ते मला माझे ऐकता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई